आईची बधीर बोटं आणि दिल्लीचा जानेवारी

माझा धाकटा भाऊ संजू फौजेत हवालदार आहे आणि गेली दोन वर्षं दिल्ली कँटोन्मेंटमध्ये क्वार्टर घेऊन राहतोय. त्यानं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "ताई, आईला आणायचं तर फेब्रुवारीच्या शेवटी आण. जानेवारीत नको." पण माझं साताऱ्यात ब्लाउज शिवायचं दुकान. पौषात लग्नं नसतात, म्हणून मला वर्षातून तेवढीच उसंत. फेब्रुवारी उजाडला की बायका दारात उभ्या. शिवाय मी मनात म्हटलं, थंडीचं काय आम्हाला सांगतोस बाबा, आमच्या डोक्यावर महाबळेश्वर आहे. तिकिटं काढली आणि मग त्याला कळवलं. माझा स्वभावच तसा आहे, आधी करायचं आणि मग सांगायचं.

आई बहात्तर वर्षांची. दहा वर्षांपासून शुगर, पण चालायला खडखडीत. तिला लेकाचं बिऱ्हाड बघायचं होतं, कारण उन्हाळ्यात त्याची बदली होणार आणि पुढची जागा कुठली हे कुणालाच माहीत नाही. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, गाईचं निमित्त होतं. ते म्हणाले, "तुम्ही दोघी जावा. मला तिथं कोण ओळखतंय?"

साताऱ्याहून निजामुद्दीनला थेट गाडी आहे. एसीचं तिकीट काढा, कारण त्यात पांघरूण मिळतं आणि ग्वाल्हेर ओलांडलं की ते लागतंच. झाशीपर्यंत गाडी वेळेवर होती. पुढं धुक्यात ती अशी रांगायला लागली की आई खिडकीला नाक लावून म्हणाली, "बाहेर काय न्हाईच का गं? नुसतं दूध सांडलंय." पाच तास उशीर झाला. जानेवारीत जाणार असाल तर पोचायच्या दिवशी दुसरं काही ठरवू नका आणि डब्यात एक जास्तीचं जेवण ठेवा. आमच्या धपाट्यांवर समोरच्या बर्थवरचं एक लखनौचं कुटुंबही जेवलं.

स्टेशनवर संजू जीप नाही, रिक्षा घेऊन आला होता. आईची निराशा तिच्या तोंडावर दिसली. कँटोन्मेंटच्या गेटवर आधार कार्ड दाखवावं लागतं, ते पर्समध्ये वर ठेवा. क्वार्टर दोन खोल्यांचं, नीटनेटकं. संजूची बायको मनीषा एका शाळेत शिकवते. त्यांची नऊ वर्षांची ओवी दिल्लीतच वाढलेली. ती मराठी बोलते, पण तिची मराठी हिंदीच्या गाडीला जोडलेल्या डब्यासारखी चालते. "आत्या, आजी किती क्यूट दिसून राहिलीय ना स्वेटरमध्ये!" असं ती म्हणाली आणि आईला त्यातलं फक्त स्वेटर कळलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही कुतुबमिनार पाहिला. सकाळी अकराच्या आत जाऊ नका, काही दिसत नाही. ऊन पडल्यावर मात्र त्या लाल दगडाला असा रंग चढतो की मान दुखेपर्यंत वर बघत राहावं. लॉनवर दिल्लीकर चटया टाकून संत्री सोलत बसतात, आम्हीही बसलो. परतताना सरोजिनी नगरच्या बाजारात आईला कॅनव्हासचे बूट घेतले. तिच्या चपलांनी दिल्लीत निभाव लागणार नव्हता. बूट जरा घट्ट होते, पण दुकानदार म्हणाला पहनते-पहनते खुल जाएगा, आणि मला घासाघीस जिंकल्याचा आनंद एवढा झाला होता की मी पुढचा नंबर मागितलाच नाही. संजूनं संध्याकाळी ते बूट हातात घेऊन आत बोट घालून बघितलं. "घट्ट आहेत ताई. थंडीत बूट ढिला पाहिजे, आत बोटं हलली पाहिजेत." मी म्हटलं, "तू तुझ्या जवानांना शिकव." तो हसला आणि बूट खाली ठेवला.

तिसरा दिवस आईचा होता. तिला चतुर्थीला गणपतीचं दर्शन हवं होतं आणि आर. के. पुरमच्या बाजूला एक देऊळ आहे असं मनीषानं सांगितलं होतं. शनिवार असल्यानं ओवीला सुट्टी, ती आमच्याबरोबर आली. सकाळी नऊला कॅब केली. मोबाइलवर पाच अंश दाखवत होतं. देवळाबाहेर आईनं बूट काढले आणि मोजेही काढले. मी म्हटलं, "मोजे राहू देत गं." तर म्हणाली, "देवापुढं मोजं घालून उभी राहू? मग घरीच बसते की." फरशी संगमरवरी, नुकतीच धुतलेली. रांग होती. मग प्रदक्षिणा, मग आरती, मग प्रसाद. सगळं मिळून पाऊण तास तरी ती त्या ओल्या फरशीवर अनवाणी होती. बाहेर येऊन तिनं तशाच ओल्या पायांत मोजे चढवले आणि वर ते घट्ट बूट. मी शेजारी उभी राहून फोटो कसे आले ते बघत होते.

तिथून आम्ही कस्तुरबा गांधी मार्गाकडे निघालो. तिथं आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये मराठी जेवण मिळतं हे मी आधीच शोधून ठेवलं होतं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलेले. मागून आईचा आवाज आला, "ओवे, माझी बोटं बधीर झाल्यात बघ." आणि ओवी खो खो हसली. "आजी, बोटं कशी बधीर होणार? कान बधीर असतात ना!" आईही हसली. मला वाटलं, आजी-नातीचं काहीतरी चाललंय. मी मागं वळलेसुद्धा नाही. हिंदीत बधिर म्हणजे बहिरा, आणि शाळेत तोच शब्द शिकलेल्या पोरीला पायाची बोटं बहिरी झाल्याचं ऐकून हसू येणार नाही तर काय होणार? तिची काही चूक नव्हती. त्या गाडीत मराठी कळणारी एकच मोठी बाई होती आणि ती गूगल मॅप बघत होती.

कँटीनमध्ये गर्दी होती, बहुतेक स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं. लातूरची, यवतमाळची, एक मिरजेचा इम्रान म्हणून. "मावशी, पिठलं संपायच्या आत घ्या," असं त्यानंच सांगितलं आणि आईला रांगेत पुढं घेतलं. थाळी साधी, पण दिल्लीत इतक्या दिवसांनी भाकरी मिळाली की डोळ्यांत पाणी येतं असं ती मुलं म्हणाली. आई जेवली छान, पण उठताना टेबलाला धरून उठली आणि चालताना पाय टाकतेय की फेकतेय असं चालायला लागली.

"पाय दुखतायत का?" मी विचारलं.

"न्हाई गं. अजिबात न्हाई दुखत."

झालं. दुखत नाही म्हणजे बरं आहे, एवढंच माझं वैद्यकशास्त्र. इंडिया गेट पुढच्या खेपेला ठेवून आम्ही तीनच्या सुमारास घरी आलो. मी आईचे बूट काढले, मोजे सोलले. मोजे अजून ओलसर होते. दोन्ही पायांची पुढची बोटं पांढरट, मेणासारखी, आणि उजव्या पायाचं दुसरं बोट निळसर. त्याच बोटात चांदीचं जोडवं, लग्नातलं, जाड. मागंपुढं बोट सुजलेलं आणि मध्ये जोडवं रुतून बसलेलं. मी बोट दाबलं, नखानं टोचलं. आई शांतपणे मनीषानं आणलेल्या चहाकडे बघत होती. तिला काहीच कळत नव्हतं.

मी काय केलं असेल? आपण सगळे जे करू तेच. शेक. आमच्या घरात पोट दुखो, कंबर धरो, बाळंतीण असो, शेक हे एकच औषध. मनीषानं रबरी पिशवीत उकळतं पाणी भरलं, मी हीटर ओढून आईच्या पायांशी लावला आणि तळवे चोळायला हात पुढे केला. तेवढ्यात ड्युटीवरून संजू आत आला.

"हात लावू नको!"

एवढ्या मोठ्यानं तो आमच्या घरात कधी बोलला नव्हता. ओवी दचकून दाराआड गेली. त्यानं आधी हीटरचं बटण बंद केलं, पिशवी मनीषाच्या हातातून घेऊन मोरीत ठेवली आणि आईसमोर जमिनीवर बसला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, तिला कळत नाहीये. भाजलं तरी कळणार नाही. फोड येतील, आणि शुगरवाल्याच्या पायाला फोड आला की काय होतं तुला माहितीय. आणि चोळायचं तर मुळीच नाही, आतून फाटतं."

"मग करायचं काय?"

त्यानं टॉवेलनं आईचे पाय न घासता टिपले. मग जॅकेटची चेन उघडली, स्वेटर आणि बनियन वर केलं आणि आईचे दोन्ही पाय उचलून आपल्या उघड्या पोटाला लावले. वरून जॅकेट ओढून घेतलं. थंडगार पाय लागल्यावर त्याच्या अंगावर काटा आलेला मला दिसला.

आई कावरीबावरी झाली. "आरं काय करतोयस! पाय पोटाला लावतोस? सोड!"

"गप बस आई. चहा पी."

"तुला कुणी शिकवलं ह्ये?"

"वर असताना," तो म्हणाला. वर म्हणजे बर्फातली पोस्टिंग. "माझे पाय असेच गेले होते. आमच्या नायकसाहेबांनी दीड तास पोटाशी धरून ठेवले होते."

आईनं कप खाली ठेवला. त्या पोस्टिंगवरून तो दर आठवड्याला फोन करायचा आणि मजेत आहे, जेवण चांगलं आहे, एवढंच सांगायचा. "कुठं गेलं हुतं? दाव," ती म्हणाली. तो नाही नाही म्हणत होता, पण मनीषानंच सांगितलं. डाव्या पायाच्या करंगळीचं टोक नाही. सात वर्षं झाली. गावी आला की तो घरातही मोजे घालायचा आणि आम्ही त्याला साहेब झालास म्हणून चिडवायचो. आईनं हात लांब करून त्याच्या डोक्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून बसली. मी रडले. सरळ सांगते, हुंदके देऊन रडले, कारण ते बूट मी घेतले होते.

बाकी होतं जोडवं. संजू म्हणाला, रक्त परत यायला लागलं की बोट अजून फुगेल, त्याआधी हे निघालं पाहिजे. डाव्या पायातलं साबणानं निघालं. उजव्यातलं हलेना. "दवाखान्यात कापतील," तो म्हणाला, आणि आई एकदम ताठ झाली. "कापायचं न्हाई. तुझा बाप जिता हाय." समजूत घालून आम्ही थकलो. शेवटी मी आबांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आगं, मी काय त्या जोडव्यावर जगतोय व्हय? जोडवं दुसरं मिळंल. बोट कुठनं आणू? काप म्हणावं!"

"तुम्ही म्हणताय तर," आई पुटपुटली, आणि पदरानं तोंड पुसलं.

कँटोन्मेंटच्या दवाखान्यात संजूनं तिला दारापासून आतपर्यंत उचलून नेलं, एक पाऊल चालू दिलं नाही. नर्सनं छोट्या कात्रीसारख्या हत्यारानं जोडवं कापलं आणि कागदात गुंडाळून आईच्या हातात दिलं. डॉक्टर तरुण होत्या, पंजाबी. शांतपणे सगळं विचारत होत्या. शुगर किती, औषध कुठलं, आणि मग, "माताजी, तंबाखू लेती हैं?"

तंबाखू हा शब्द आईला समजला. "न्हाई न्हाई," ती ठामपणे म्हणाली. "फकस्त मिश्री."

डॉक्टरांनी पेन थांबवलं. "शुगर की मरीज़ हैं और मिश्री खाती हैं?"

"खात न्हाई, लावते," आई म्हणाली. "दातांना. सकाळ-संध्याकाळ."

बिचाऱ्या डॉक्टर दातांना खडीसाखर लावणाऱ्या बाईकडे बघतच राहिल्या. मला त्या परिस्थितीत हसू आवरेना. संजूनं खुलासा केला की साहेब, आमच्याकडे मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू. आई उखडली, "मिश्री म्हंजी तंबाखू न्हवं!" पन्नास वर्षं ती तसंच मानत आलीय आणि आमच्या आळीतल्या सगळ्या बायकाही. डॉक्टरांनी समजावलं की तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आवळतात, थंडीनंही आवळतात, वरून घट्ट बूट आणि जोडवं. बोटापर्यंत रक्त पोचणार कुठून? याला ठंड की चोट म्हणतात. त्यासाठी बर्फच पाहिजे असं नाही, ओल आणि गारवा बराच वेळ मिळाला तरी पुरे. निळ्या बोटाचं आत्ता काही सांगता येत नाही. दोन दिवस बघू. काळं पडायला लागलं तर पुढचा विचार करावा लागेल.

ते दोन दिवस मी दिल्लीचं काही पाहिलं नाही. आई कॉटवर, पाय उशीवर, बोटांमध्ये कापसाचे सैल बोळे. हीटर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि खिडकी बोटभर उघडी. दुपारी ऊन आलं की संजू आणि शेजारचा एक बिहारी जवान कॉट उचलून अंगणात ठेवायचे. क्वार्टरमधल्या बायका शेंगा घेऊन गप्पांना यायच्या. आईला हिंदी येत नाही, त्यांना मराठी येत नाही, तरी अर्ध्या तासात कुणाला किती मुलं आणि कुणाची सासू कशी हे सगळ्यांना कळलेलं असायचं. मिश्रीची डबी मनीषानं कुठं ठेवली ते तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही आणि आईनं तिच्याशी एक दिवस अबोला धरला. मी मात्र दर तासाला ते बोट बघायची. निळंच. ओवी शेजारी येऊन विचारायची, "आत्या, आता आजीचं बोट ऐकतंय का?"

मंगळवारी सकाळी मी चहा टाकत होते. आतून आईची हाक आली, "वैशे! आगं ये की! लई ठणकतंय गं! आग आग हुतीय नुसती!"

मी धावले. बोट लालबुंद, सुजलेलं, आणि मी बोट लावताच आईनं पाय झटकन मागं घेतला. संजूनं दारातूनच बघितलं आणि भिंतीला टेकून डोळे पुसले. दवाखान्यात डॉक्टरही हसल्या. "दर्द हो रहा है? बहुत अच्छा!" आईनं मला विचारलं, "ही बाई अशी काय गं? मी मरायला लागलेय आणि हसतीय." त्या दिवशी मी दवाखान्याबाहेरच्या टपरीवर दोन समोसे आणि एक गाजराचा हलवा एकटीनं खाल्ला. दिल्लीचा गाजर हलवा जानेवारीतच खावा, तिथली लाल गाजरं आपल्याकडे सहसा मिळत नाहीत.

परतीचं तिकीट आठवडाभर पुढं ढकललं. निघताना संजूनं आपले दोन नंबर मोठे लोकरी मोजे आईला घातले, आत सुती जोड, आणि पिशवीत आणखी दोन कोरडे जोड दिले. तुम्ही घरातल्या म्हाताऱ्या माणसांना थंडीत उत्तरेकडे नेणार असाल तर माझं एवढं ऐका: कोरडे मोजे पर्समध्ये ठेवा, देवळातून बाहेर आलात की आधी पाय पुसा, आणि कुणी दुखत नाही म्हणालं तरी मोजा काढून बघा. अंगठ्या, जोडवी साताऱ्यातच काढून ठेवा. आणि बधीर पायाला शेक देऊ नका. मी देणार होते, म्हणून सांगतेय.

आता घरी येऊन महिना झाला. बोट वाचलं. नख गेलं, नवं येतंय. मिश्री सुटली का ते मी सांगणार नाही, कारण आई हा ब्लॉग शेजारच्या पोरीकडून वाचून घेते. डॉक्टरांनी रोज पाय तपासायला सांगितलंय, म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी मी आईच्या घरी जाते, तिला उन्हात बसवते आणि तिचा पाय मांडीवर घेते. पहिल्या दिवशी तिला फार लाज वाटली. "सोड गं, भेगाळलेलं पाय ते, काय बघायचंय त्यात!" दर सणाला मी या पायांवर डोकं ठेवत आलेय, पण ते कसे दिसतात हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

परवा डाव्या टाचेच्या वर एक लांबट पांढरा व्रण दिसला. चांगला चार बोटं लांब, जुना.

"हा कसला गं?"

"त्यो व्हय? खुरपं लागलं हुतं. तू तीन महिन्यांची हुतीस. बांधावर झोळीत ठेवून भांगलत हुते, तू रडाय लागलीस म्हणून घाईनं उठले."

एकोणपन्नास वर्षांची झाले मी. "मला कधी बोलली नाहीस," मी म्हटलं.

"तू कधी बघितलं न्हाईस," आई म्हणाली आणि तिनं दुसरा पाय पुढं केला.